देवळातल्या जुन्या पेटीचे सूर लॅपटॉपवर : भजनात वाजवणे आणि रेकॉर्डिंग

भाता (फोंडा)

नमस्कार मंडळी. आमच्या देवळाच्या भजनी मंडळात मी अकरा वर्षं पेटीला बसतो. त्याआधी चाळीसेक वर्षं अण्णा बसायचे. पेटी एकच, देवळाचीच. गेल्या पावसाळ्यात ती थकली. दमट हवेने भात्याच्या घड्या सुटल्या आणि मंद्रातल्या दोन पट्ट्या दाबल्या की सुराऐवजी नुसता वारा येऊ लागला. पेटी दुरुस्त करणाऱ्याने उघडून बघितली आणि म्हणाला, सगळे रीड (सूर काढणाऱ्या धातूच्या पात्या) बदलले तर आणखी वीस वर्षं चालेल, पण आवाज हा राहणार नाही.

तेवढं ऐकून मला झोप लागेना. कीबोर्डात ‘हार्मोनियम’ नावाचा जो तयार आवाज असतो तो तुम्हाला माहीत आहेच. काँटॅक्टसारख्या सॉफ्टवेअरसाठी चांगल्या पेट्यांचे संच विकत मिळतात, स्वारप्लगमध्येही आपली वाद्यं आहेत. ऐकून बघितले, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली पेटी. आमच्या पेटीत खर्ज आणि नर (रीडांचे दोन संच) एकमेकांपासून किंचित सुटलेले आहेत, त्यामुळे लांब सूर धरला की आत एक हळू लहर फिरते. बुवा त्या लहरीवर आलाप सोडतात. ती जाऊ द्यायची नाही असं ठरवलं आणि दुरुस्तीला देण्याआधी आख्खी पेटी सूर-सूर करून रेकॉर्ड केली.

कसं केलं ते लिहितो, म्हणजे कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. जानेवारीत केलं, कारण पावसात बेडूक आणि रातकिडे माइक सोडत नाहीत. देवळाच्या कोठीत भिंतींना गोधड्या टांगल्या, खाली दोन सतरंज्या घातल्या. पंखा बंद, फोन बाहेर. रात्री दोन ते पहाटे पाच, तीन रात्री. भाता अण्णांनी मारला, पट्टी मी दाबली. ३७ पट्ट्यांतल्या बंद दोन सोडून ३५, प्रत्येकीचे तीन नमुने : भाता हलका, मध्यम आणि भरून. एकूण १०५. प्रत्येक सूर साधारण आठ-दहा सेकंद एकसारखा धरायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण भात्याचा दाब दहा सेकंद जराही न हलू देणं हे अण्णांसारखा हातच करू जाणे. माझ्या हाताने केलेले पहिले सात नमुने टाकून द्यावे लागले.

माइक दोन, एक रीडांच्या बाजूने आणि एक भात्याकडून, दोन्ही हातभर अंतरावर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळे नमुने मिळून सव्वातीनशे एमबीच्या आत बसले, म्हणजे साध्या लॅपटॉपलाही जड नाहीत. बंद पडलेल्या दोन पट्ट्यांसाठी शेजारचा सूर सॉफ्टवेअरने अर्ध्या सुराने उतरवून लावला. डिसेंट सॅम्पलर (नमुने कीबोर्डवरून वाजवणारा प्रोग्राम) फुकट मिळतो, त्यात सगळं मांडलं. प्रत्येक नमुन्याच्या सुरुवातीची शांतता कापून टाकली, बोट पडताच सूर उठावा म्हणून.

पेटीचा सूर ट्यूनरवर मोजला तर ती ४४० हर्ट्झच्या मापाने १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेली निघाली, म्हणजे ए सुमारे ४३७. मी ती तशीच ठेवली. आमच्या बुवांचा गळा तिथेच बसलेला आहे, आणि दुरुस्तीवाल्यालाही तेवढंच सांगितलंय. तानपुऱ्याचं ॲप मात्र तितकंच उतरवून घ्यावं लागतं, नाहीतर दोघांचं भांडण लागतं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी भजनात वाजवलं. आवाज लोकांना ओळखू आला, आमच्या शेजारची आजी म्हणाली, पेटी दुरुस्त होऊन आली काय? पण द्रुत लयीला गेलो की हात आणि आवाज यांची चुकामूक होते. आणि दुसरं, येत्या सप्ताहात (देवळातल्या अखंड भजनात) पूर्ण मंडळ नीट रेकॉर्ड करायचं आहे. बुवांचं वय सत्तरीच्या पुढे आहे. जाणकारांनी सांगावं.

काळी_दोन (म्हापसा)

वाचूनच आनंद झाला. लॅपटॉपवर बफर (आवाज सोडण्याआधी साठवायचा तुकडा) किती ठेवलाय? आणि आवाज कुठून ऐकता, समोरच्या स्पीकरच्या बॉक्समधून की जवळ काही ठेवलंय?

भाता (फोंडा)

बफर ५१२. ऐकतो मंडपाच्या खांबाला लावलेल्या बॉक्समधून, असेल वीसेक फूट लांब.

ध्वनीवाला (मडगाव)

मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. मी मडगावात साउंडचं काम करतो, देवळांत, चर्चमध्ये, नाटकांना. हिशोब बघा. ४८ किलोहर्ट्झला ५१२चा बफर म्हणजे १०.७ मिलिसेकंद. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, तुमचा बॉक्स सहा मीटरवर, म्हणजे आणखी १७ ते १८. कीबोर्ड आणि इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज आत-बाहेर नेणारा डबा) स्वतःचे दोन-तीन घेतात. झाले तीस. द्रुत भजनी ठेक्यात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग साठाच्या आसपास. तुम्ही त्या चौथ्या भागाच्या निम्म्याने मागे ऐकताय. पखवाजवाला तुमच्या शेजारी बसलेला आहे, त्याची थाप तुम्हाला लगेच पोचते, म्हणून चुकामूक जास्तच जाणवते.

इलाज दोन. बफर १२८ वर आणा, तो २.७ मिलिसेकंद होतो. आणि एक लहान मॉनिटर स्पीकर गुडघ्याजवळ ठेवा, फक्त पेटी आणि बुवा एवढंच त्यात. बॉक्स लोकांसाठी असू दे.

१२८ वर आवाज फाटायला लागला तर लगेच नवीन लॅपटॉप घ्यायला धावू नका. विंडोज असेल तर इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) घाला. तो नसेल तरच एएसआयओफॉरऑल. वायफाय आणि ब्लूटूथ बंद. पॉवर प्लॅन पूर्ण क्षमतेवर, आणि यूएसबी आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करा. लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम अर्धा तास चालवून ठेवा, कुठला ड्रायव्हर मध्ये अडखळतो ते तो नावासकट दाखवतो. दहातल्या आठ वेळा वायफायचाच असतो, हा माझा अनुभव.

चर्चमधली मुलं हे सगळं आपल्या आधीपासून करतायत. मॅक असेल तर मेनस्टेज, विंडोजवर कँटाबिले किंवा गिग परफॉर्मर. एकेका गाण्याचा आवाज आधी लावून ठेवतात आणि पायाने पुढचा आणतात. हातही उचलत नाहीत, पडद्याकडेही बघत नाहीत. ही पद्धत आपण उचलायला हरकत नाही.

रानातला_टाळकरी (डिचोली)

मी जुन्या वळणाचा माणूस, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये. पेटी म्हणजे भाता. डाव्या हाताने भाता मारताना वादक श्वास घेतो तसा सूर आत-बाहेर होतो. बुवा शब्द सोडतात तिथे भाता सैल पडतो, उचलतात तिथे भरतो. कीबोर्डवर डावा हात रिकामा. मग सूर सपाट लाकडासारखा येतो. मी स्पर्धांमधून ऐकलंय, कीबोर्डवाल्याचं बोट चपळ असतं आणि भजन मात्र कोरडं जातं. देवासमोर वाजवायचं तर वाद्यात जीव पाहिजे.

भाता (फोंडा)

काका, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ ह्यातच गेला.

कीबोर्डच्या पट्टीला जोरात दाबलं तर आवाज मोठा, हळू दाबलं तर लहान, हे पियानोचं गणित. पेटीला ते लागूच नाही. पेटीची पट्टी कशीही दाबा, आवाज भात्यावर. म्हणून पहिली गोष्ट केली ती ही की दाबाचा आवाजावरचा परिणाम शून्य करून टाकला. दुसरी, सस्टेनचं पेडल काढूनच ठेवलं, कारण बोट उचललं की पेटीचा सूर थांबतो, मागे लोंबत नाही. आणि तिसरी, भाता पायात आणला. एक्स्प्रेशन पेडल मिडीच्या (कीबोर्ड सॉफ्टवेअरला काय वाजवायचं ते सांगतो त्या खुणांच्या भाषेच्या) ११ नंबरच्या कंट्रोलवर लावलं. ते ० ते १२७ अशा पायऱ्यांनी चालतं. खाली हलक्या भात्याचे नमुने, मध्ये मध्यमचे, वर भरल्या भात्याचे, आणि एकातून दुसऱ्यात आवाज विरघळत जातो. त्यामुळे नुसता आवाज मोठा होत नाही, सूर उजळतो. भरल्या भात्याला पेटीचा आवाज जसा किंचित धारदार होतो तसा.

महिनाभर घरी सराव केला, तेव्हा कुठे पाय बुवांच्या श्वासाबरोबर चालू लागला. तरीसुद्धा खरा भाता तो खराच, यात वाद नाही. चांगली पेटी आणि चांगला पेटीवाला हजर असेल तिथे लॅपटॉप उघडूच नये, असं माझंही मत आहे.

बोरीचा_पूल (बोरी)

टाळकरी काकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. पेटी स्वतः एकेकाळी परकी होती. ती युरोपात जन्मली, पायपेटी म्हणून इकडे आली, हाताने भाता मारायची पेटी पुढे कलकत्त्यात घडली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला गायनाच्या साथीला बंदी घातली होती. श्रुती लागत नाहीत, मींड येत नाही, हेच आक्षेप. आणि त्याच पेटीतून पं. तुळशीदास बोरकरांनी काय काढून दाखवलं ते सगळ्यांनी ऐकलंय. ते आमच्या बोरीचे, २०१६ साली पद्मश्री मिळाली. वाद्यात जीव वादक घालतो. भाता यांनी भात्यासाठी एवढी खटपट केली, त्यातच मला उत्तर दिसतं.

रानातला_टाळकरी (डिचोली)

बोरकरांचं नाव काढलंत, आता मी काय बोलू. भाता, सप्ताहाला ऐकायला येईन. मग बोलू.

सांजवात (पेडणे)

आमचं महिला मंडळ आहे, बारा जणी. आमची पट्टी काळी पाच, म्हणजे सा पाचव्या काळ्या पट्टीवर. पेटी वाजवणारी मुलगी अकरावीत आहे, तिला काळी एकच्या बोटांची सवय. खऱ्या पेटीवर काळी पाच धरली की तिची त्रेधा उडते. कीबोर्डवर ट्रान्सपोज करून चालतं, पण आवाज केविलवाणा. दादा, तुमच्यासारखे नमुने केले तर ट्रान्सपोज करता येतं का? आवाज बिघडतो का?

भाता (फोंडा)

येतं ताई, आणि बिघडत नाही, फक्त एक काळजी घ्यायची. ट्रान्सपोज मिडीत करायचं, आवाजावर नाही. मिडीत तीन अर्धसूर खाली केलं की मुलगी काळी एक दाबेल आणि सॅम्पलर काळी पाचचा खरा रेकॉर्ड केलेला सूर वाजवेल. म्हणजे पेटी तीच, नुसती बोटं सरकली. उलट तयार आवाजालाच ताणून खाली आणलं तर लहर मंद होते, धार जाते आणि पेटी सर्दी झाल्यासारखी बोलते.

पण तिला हळूहळू काळी पाचवरही बोटं बसवायला सांगा. लाइट गेली की ट्रान्सपोजचं बटण कुठे शोधणार?

नवखा (पणजी)

किती खर्च आला हे कुणी लिहिलं नाही. कॉलेजात आहे, म्हणून विचारतो.

काळी_दोन (म्हापसा)

सॉफ्टवेअरला जवळपास काही नाही. डिसेंट सॅम्पलर फुकट. रेकॉर्डिंगला रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, पुढे घरगुती परवाना ६० डॉलर. तेवढेही नसतील तर ऑडॅसिटी. खरा खर्च इंटरफेस आणि पेडलला. ते मंडळाच्या नावाने घ्या, भाड्याने देऊ नका.

घुमट_शामेळ (साखळी)

विषय थोडा बाजूला नेतो. आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट (मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) घेऊन आरती असते. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं आणि घुमट बोलत नाही, आम्ही मग शेकत बसतो. तर मी ह्या चवथीला आमच्या घुमटाचे नमुने घेतले. थाप, बोटाचा टिचका, आणि डाव्या हाताने मागचं तोंड झाकून-उघडून जो घुमारा काढतात तो. पहिले दोन जमले. तिसरा नमुन्यात पकडता येत नाही, कारण तो दर वेळेला वेगळा असतो. त्यामुळे वाजवायला नमुने वापरायचे नाहीत असं मी ठरवलंय, पोरांना शिकवायला मात्र ठेवलेत. माइक मागच्या तोंडापासून हातभर लांब ठेवा, अगदी जवळ नेला तर नुसता वारा भरतो.

ध्वनीवाला (मडगाव)

आता सप्ताहाचं रेकॉर्डिंग.

वाजवायचा आणि रेकॉर्ड करायचा लॅपटॉप वेगळा ठेवा. एकाच मशीनवर दोन्ही कामं होतात, पण एक अडकलं की दोन्ही जातात. मंडळाकडे यूएसबीचा डिजिटल मिक्सर असेल, समजा बेहरिंगर एक्सआर१८, तर अठराच्या अठरा चॅनेल वेगवेगळे दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घेता येतात. तुम्हाला आठ पुरतील : बुवा, मागे म्हणणाऱ्यांचे दोन, पखवाजाची दोन तोंडं, लॅपटॉपची पेटी, खरी पेटी, आणि मंडपात उंचावर एक.

आठ ट्रॅक २४ बिटला तासाला सुमारे चार जीबी खातात. आपल्याकडचा सप्ताह चोवीस तास चालतो, म्हणून डिस्क आधी मोजा, आणि दर बारीला नवीन फाइल सुरू करा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. बुवा भैरवीला गळा उघडतात, तिथे लाल दिवा लागला तर तो सूर परत मिळत नाही.

सगळ्यात मोठा शत्रू झांज. देवळात खाली लादी, वर घुमटाकार छत, झांजेचा आवाज भिंतींवरून परत येऊन बुवांच्या माइकमध्ये बसतो आणि शब्द खाऊन टाकतो. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून झांजवाले बुवांच्या माइकच्या बरोबर पाठीला येतील असे बसवा, आणि माइक तोंडापासून चार बोटांवर. एवढ्याने जे साधतं ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने साधत नाही. माझ्याकडे ‘झांज कमी करून द्या’ म्हणून दर वर्षी लोक येतात, आणि मला त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं.

लॅपटॉपच्या चार्जरमुळे पेटीत घूं असा आवाज आला तर मध्ये डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधला डबा) घाला आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. चार्जरच्या पिनेची अर्थिंग कुणी तोडू नका, कृपा करून. पावसात ओल्या लादीवर अनवाणी बसलेली माणसं असतात.

भाता (फोंडा)

सप्ताह झाला. थकलोय, पण डोक्यात आहे तोवर लिहितो.

बफर १२८, मॉनिटर गुडघ्याशी. हाताची चुकामूक गेली. ध्वनीवाला दादा, देव बरें करूं.

संध्याकाळी सात-सव्वासातला गवळण चालू असताना लाइट गेली आणि जनरेटर लागायला अर्धं मिनिट लागलं. आमच्या मिक्सरला यूपीएस होता, इंटरफेस लॅपटॉपवर चालतो, म्हणून आवाज बंद पडला नाही. पण चार्जर सुटताच लॅपटॉप बॅटरीच्या काटकसरीत गेला आणि पेटी तडतडायला लागली. पॉवर प्लॅन मी फक्त चार्जर लावलेल्या स्थितीसाठी बदलला होता, बॅटरीसाठी वेगळी सेटिंग असते हे लक्षातच आलं नव्हतं. पोरांनो, दोन्ही बदला. मी लॅपटॉपचा आवाज खाली घेतला, शेजारी अण्णांनी खरी पेटी उघडून ठेवलेलीच होती, त्यांनी पुढचा चरण उचलला. रेकॉर्डिंगमध्ये ती जागा ऐकू येते. दुरुस्त होऊन आलेली पेटी स्वच्छ वाजते, पण लहर नाही.

रात्री दहाला नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक बंद झाले. मग लॅपटॉप झाकून ठेवला, पहाटेपर्यंत खरी पेटी, पखवाज आणि उघडा गळा. रेकॉर्डिंग मात्र चालू ठेवलं. माइक बॉक्सला जोडलेले नव्हते, म्हणून मंडपात शिट्टी नाही, घूं नाही. बुवांचा सर्वात चांगला आवाज त्या पहाटेच्या फायलींत आलाय. पुढच्या वेळी फक्त रेकॉर्डिंग करायचं असेल तर मी हीच वेळ धरीन.

टाळकरी काका आले होते. त्यांनी काय सांगितलं ते त्यांनीच लिहावं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती तेव्हा अण्णांना लॅपटॉपच्या पेटीवर बसवलं. कानाला हेडफोन दिले. पाच मिनिटं वाजवून ते थांबले आणि म्हणाले, “हो पंचम मुखार धांवता.” (हा पंचम पुढे धावतो.) मला काही कळेना. परत वाजवून दाखवलं, खरंच त्यांचा पंचम दर वेळी लयीच्या केसभर आधी पडत होता, बाकीचे सूर जागेवर.

घरी येऊन मूळ फायली उघडल्या. आमच्याकडे भजन काळी एकमध्ये, म्हणजे मध्य सप्तकातला पंचम काळी चारवर. त्या पट्टीचा रीड उशिरा बोलायचा. मोजलं तर शेजारच्या सुरांपेक्षा ३५ मिलिसेकंद उशिरा, आणि उठताना आधी एक बारीक फुंकर. अण्णा चाळीस वर्षं ती पट्टी तेवढी आधी दाबत आले. मी जानेवारीत सगळे नमुने सुरुवातीला कापून एका रेषेत आणले, त्यात ती फुंकरही कापली गेली होती. अण्णांचं बोट अजून जुन्या पेटीच्या हिशोबाने पडतंय.

काळी चारचे तीनही नमुने मूळचे परत लावले, फुंकरीसकट, ३५ मिलिसेकंद उशीर तसाच ठेवून. बाकीच्या पट्ट्यांना हात लावला नाही. काल अण्णांना परत बसवलं. ते वाजवत राहिले, गवळण झाली, मग रूपाचा अभंग, मग आणखी एक. हेडफोन काढायला तयार नव्हते, शेवटी वहिनी जेवायला बोलवायला आल्या.

रानातला_टाळकरी (डिचोली)

मी लिहितो मग. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी खांबाला टेकून बसलो होतो, डोळे मिटून. पहिल्या दोन अभंगांत मला लॅपटॉप आहे हे कळलं नाही. तिसऱ्यात कळलं, कारण सूर फार वेळ एकसारखा राहिला, तिथे तुझा पाय थांबला होता. पाय थांबू देऊ नकोस. बुवांच्या पहाटेच्या फायली मला पेनड्राइव्हवर दे, मी येतो न्यायला.

सांजवात (पेडणे)

दादा, ती उशिरा बोलणारी काळी चार आमच्या काळी पाचमध्ये कोमल निषाद होईल ना? आमच्या मुलीला तिची सवय नाही. तिच्यासाठी कापलेला नमुना ठेवाल का, की दोन्ही द्याल?

भाता (फोंडा)

बरोबर हिशोब केलात ताई, कोमल निषादच. दोन्ही देतो, वेगळ्या नावांनी. रविवारी पेडण्याला येतोय, लॅपटॉप घेऊन येईन.